कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची अस्सल साधने आणि त्यांचे अध्यापन

समकालीन अस्सल कागदाला उत्तरकालीन हकिकतीपेक्षा अधिक प्रमाण मानावे, हा मराठी इतिहाससंशोधनाच्या शिस्तीतील एक पायाभूत नियम होय. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि पत्र यांच्यातील हा तरतमभाव अभ्यासकांच्या अंगवळणी पडला आहे. बखरकार घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहितो, आठवणीवर विसंबतो, आश्रयदात्याचे मन राखतो आणि स्थळकाळाची गल्लत करतो. पत्रलेखकाला मात्र पुढे काय घडणार हे ठाऊक नसते, म्हणून त्याच्या शब्दाला अधिक मोल. हा नियम सामान्यतः योग्यच आहे. तथापि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास अस्सल साधनांच्या आधारे वर्गात शिकवावयाचा असेल आणि हाच नियम जसाच्या तसा तेथे नेला, तर वादाचा निकाल वाद ऐकण्यापूर्वीच लागून जातो. कारण त्या इतिहासात समकालीन कागद बहुतेक मालकाचा असतो आणि गुलामाच्या वाट्याला उरते ती बखर.

याचे कारण त्या दप्तराच्या घडणीतच आहे. गुलामांविषयी विपुल लेखन झाले. परंतु ते खरेदीखते, मृत्युपत्रे, मळ्यांच्या हिशेबवह्या, गहाणखते आणि पळालेल्या गुलामांच्या जाहिराती या रूपाने झाले. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांच्या नोंदी स्वतंत्र तक्त्यांत घेण्यात आल्या. त्यांत मालकाचे नाव आहे. त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण आहे. पळून गेलेल्यांसाठी रकाना आहे. परंतु अगदी थोडे अपवाद सोडल्यास गुलामांची नावे नाहीत. तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली आणि १८७० च्या जनगणनेत ही माणसे प्रथमच नावानिशी अवतरली. दुसऱ्या बाजूस, गुलामांना लिहावाचावयास शिकविणे हा अनेक दक्षिणी राज्यांत गुन्हा ठरविण्यात आला होता. नॉर्थ कॅरोलायनाने तसा कायदा १८३० मध्ये केला. ज्यांना लेखणी धरण्याची बंदी होती त्यांचा समकालीन कागद मागणे आणि तो मिळत नाही म्हणून त्यांची साक्ष हलकी लेखणे, यात साधनचिकित्सेचा आभास आहे, चिकित्सा नाही.

अशी साक्ष हलकी लेखली गेली, हे केवळ अनुमान नव्हे. उलरिक बॉनेल फिलिप्स या इतिहासकाराचा 'अमेरिकन निग्रो स्लेव्हरी' हा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मळ्यांच्या कागदपत्रांचा त्याने केलेला उपयोग त्या काळी आदर्श मानला गेला. मूळ कागदांवरील त्याचा अधिकार निर्विवाद होता. परंतु ते कागद मालकांचे होते आणि मुक्त झालेल्या गुलामांच्या आत्मकथनांना त्याने विश्वासार्ह मानले नाही. परिणामी, गुलामगिरी ही जणू एक सौम्य पाठशाळा होती, असे चित्र त्याच्या ग्रंथातून उभे राहिले आणि दोन पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत ते झिरपत राहिले. डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी १९३५ च्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण पाठ्यपुस्तकांतील अशा इतिहासाच्या समाचारासाठीच खर्ची घातले.

अस्सल साधने वर्गापर्यंत नेण्याचा प्रयत्नही याच काळात सुरू झाला होता. कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली, १९१६ मध्ये तिचे संशोधनपत्र काढले, १९२६ मध्ये गुलामगिरीच्या काळातील कृष्णवर्णीयांच्या पत्रांचा मोठा संग्रह छापला आणि त्याच वर्षी इतिहास-सप्ताहाचा उपक्रम सुरू केला. पुढे १९३७ मध्ये त्यांनी खास शिक्षकांसाठी एक नियतकालिक सुरू केले. वुडसन यांची दृष्टी स्पष्ट होती: कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवावयाचा तर त्यांचे स्वतःचे लेखन आधी गोळा केले पाहिजे. आज हे काम अनेक अंगांनी सुकर झाले आहे. जाहिराती, जनगणनेचे तक्ते, मुलाखती यांच्या प्रतिमा कोणत्याही अध्यापकाला बसल्या जागी मिळतात. परंतु या सुलभतेमुळे एक नवा दोष शिरला आहे. एखादाच कागद त्याच्या दप्तरातून सुटा काढून विद्यार्थ्यांसमोर ठेवावयाचा, चार प्रश्न विचारावयाचे आणि 'मूळ साधनांवरून अध्यापन' झाले असे मानावयाचे, अशी पद्धत रूढ होऊ पाहत आहे. पळालेल्या गुलामाची जाहिरात विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करावी, असा स्वाध्याय देण्यापर्यंत काही शाळांची मजल गेली आणि पालकांनी त्यास योग्य हरकत घेतली. अशा स्वाध्यायात विद्यार्थी मालकाच्या आसनावर बसून त्याच्याच भाषेचा सराव करतो; त्या भाषेची परीक्षा करण्याची वेळ येतच नाही.

सुटा कागद आणि संदर्भासह वाचलेला कागद यांत किती अंतर असते, हे हॅरिएट जेकब्ज या स्त्रीच्या उदाहरणावरून उत्तम प्रकारे दाखविता येते. नॉर्थ कॅरोलायनातील ईडनटन या गावी १८१३ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेली ही स्त्री १८३५ च्या जूनमध्ये नाहीशी झाली. जेम्स नॉरकॉम या ईडनटनच्या डॉक्टराने ३० जून १८३५ या तारखेची एक जाहिरात नॉरफोक येथील 'अमेरिकन बीकन' या वृत्तपत्रात दिली. आपली दासी हॅरिएट पकडून देणाऱ्यास १०० डॉलर बक्षीस मिळेल, असे तो म्हणतो. तिचे वय २१, उंची सुमारे ५ फूट ४ इंच, अंगाने स्थूल, केस दाट व कुरळे, परंतु विंचरून सरळ होण्यासारखे. ती सहज आणि अस्खलित बोलते, तिची वागणूक आकर्षक आहे. ती चांगली शिवणकाम करणारी असल्याने तिच्याजवळ चालू धर्तीचे उंची कपडे आहेत आणि बाहेर दिसलीच तर ती नटूनथटून दिसेल. आपल्या मुलाच्या मळ्यावरून ती कोणत्याही ज्ञात कारणावाचून पळाली, म्हणून तिचा बेत उत्तरेकडे जाण्याचा असावा, असा जाहिरातदाराचा तर्क आहे.

हा कागद समकालीन आहे, अस्सल आहे, दिनांकित आहे आणि स्वाक्षरीचा आहे. राजवाड्यांच्या कसोटीला तो पुरेपूर उतरतो. तरीही त्यातील दोन विधाने तपासावयास लागताच डळमळतात. पहिले विधान तिला 'आपली' दासी म्हणणारे. जेकब्जच्या पूर्वीच्या मालकिणीच्या मृत्युपत्रास जोडलेल्या पुरवणीप्रमाणे ती नॉरकॉमला मिळालेलीच नव्हती. ती त्याच्या अज्ञान मुलीला मिळाली होती. तेव्हा एका अस्सल कागदाला दुसरा अस्सल कागदच खोडून काढतो. दुसरे विधान 'ज्ञात कारणावाचून' हे. यासाठी जेकब्जचे स्वतःचे आत्मकथन उघडावे लागते.

'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' हे तिचे आत्मकथन १८६१ मध्ये बोस्टन येथे निघाले. त्यात तिने स्वतःस लिंडा ब्रेंट हे नाव घेतले आणि नॉरकॉमला डॉक्टर फ्लिंट केले. किशोरवयापासून या डॉक्टराने चालविलेला पिच्छा, त्याच्या पत्नीचा मत्सर, त्याची रखेल म्हणून निराळ्या घरात राहण्यास तिने दिलेला नकार, त्याची शिक्षा म्हणून मुलाच्या मळ्यावर झालेली रवानगी, आणि आपल्या दोन लहान मुलांनाही तेथे आणून मळ्याच्या कामास जुंपण्याचा घाट कळताच तिने केलेले पलायन, हा सर्व क्रम त्यात आहे. जाहिरातदाराला जे कारण 'ज्ञात' नव्हते ते कारण तो स्वतःच होता. पलायनानंतर ती उत्तरेस गेलीच नाही. ईडनटनमध्येच, आजीच्या घराला लागून असलेल्या एका कोठाराच्या छपराखालील पोकळीत ती सुमारे ७ वर्षे लपून राहिली. ती जागा ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी ३ फूट होती. १८४२ मध्ये ती जहाजाने उत्तरेस निसटली.

या पुस्तकाच्या वाट्याला आलेला अविश्वास हा स्वतंत्र पाठाचा विषय आहे. घटनेनंतर पंचवीस वर्षांनी लिहिलेले, बदललेल्या नावांचे, कादंबरीच्या धाटणीचे हे कथन दीर्घ काळ कल्पित मानले गेले. त्याची संपादिका लिडिया मारिया चाइल्ड हीच त्याची खरी लेखिका असावी, असाही समज होता. गुलामांच्या आत्मकथनांना इतिहासाची साधने म्हणून प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या जॉन ब्लासिंगेम यांनीही १९७२ च्या आपल्या ग्रंथात या पुस्तकाला मात्र विश्वसनीय मानले नाही. ही कोंडी जीन फेगन येलिन यांनी फोडली. एमी पोस्ट या मैत्रिणीला जेकब्जने लिहिलेली पत्रे रॉचेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात होती. त्यांच्या आधारे येलिन यांनी १९८१ मध्ये लेखिकेची ओळख प्रस्थापित केली आणि १९८७ च्या आवृत्तीत पुस्तकातील माणसे, जागा व घटना ईडनटनच्या कागदपत्रांशी ताडून दाखविल्या. बखर खरी ठरली ती पत्रांच्या साहाय्याने. म्हणजे जुना नियम येथे मोडला नाही, त्याचा उपयोग तेवढा बदलला. समकालीन कागद येथे बखरीला पाडण्यास नव्हे, तिची पारख करण्यास वापरला गेला.

आता पुस्तकातील जाहिरात आणि वृत्तपत्रातील जाहिरात विद्यार्थ्यांनी शेजारी ठेवून वाचावी. जेकब्जने फ्लिंटच्या नावे जी जाहिरात पुस्तकात दिली आहे, तीत २१ हे वय, ५ फूट ४ इंच ही उंची आणि सरळ होऊ शकणारे कुरळे केस हे तपशील जुळतात. एवढे साम्य योगायोगाने येत नाही. परंतु बक्षीस १०० डॉलरऐवजी ३०० डॉलर झाले आहे, उंची कपड्यांचा उल्लेख गेला आहे, आणि तिला लिहितावाचता येते हे नवे वाक्य आले आहे. उतावीळ विद्यार्थी येथे 'लेखिकेने खोटे सांगितले' असा निर्णय देईल. विचारी विद्यार्थी फरकाचे कारण शोधू लागेल. नटण्याविषयीचा मालकाचा कुत्सित शेरा लेखिकेने का गाळला असेल? १८५२ मध्ये तिच्या मुक्ततेसाठी मोजलेली रक्कम तिच्याच सांगण्याप्रमाणे ३०० डॉलर होती, तिचा या आकड्याशी काही संबंध असेल काय? साक्षरतेविषयी नॉरकॉम गप्प का? कायद्याच्या भयाने, असे उत्तर सुचते. परंतु इतर अनेक मालकांनी आपल्या जाहिरातींत पळालेला गुलाम साक्षर असल्याचे उघड लिहिले आहे, म्हणून ते उत्तर निर्णायक धरता येत नाही. हा संयम शिकविणे हे अशा पाठाचे एक मुख्य प्रयोजन मानले पाहिजे.

याहून बोधप्रद प्रकरण त्याच पुस्तकातील पत्रांचे आहे. छपराखालच्या त्या पोकळीत असताना जेकब्जने दोन पत्रे लिहिली, एक आजीला आणि एक फ्लिंटला. त्यांवर न्यूयॉर्कचे स्थळ आणि पुढची तारीख घातली. तेथील रस्त्यांची नावे तिने त्या शहरातील एका वृत्तपत्राच्या तुकड्यावरून उचलली. विश्वासू माणसाकरवी ती पत्रे न्यूयॉर्कला नेऊन तेथील टपालात टाकण्याची व्यवस्था झाली, जेणेकरून शोध दूरच्या दिशेने वळावा. फ्लिंट आजीकडे पत्र घेऊन आला. परंतु त्याने मूळ पत्र बाजूस सारून, लिंडा पश्चात्ताप करून परत येऊ इच्छिते अशा मजकुराचे स्वतः रचलेले पत्र वाचून दाखविले. मूळ पत्राची लेखिका आतून ते ऐकत होती. एकाच प्रसंगात दोन समकालीन कागद आहेत आणि दोन्ही कृत्रिम आहेत. यांपैकी एखादे पत्र नॉरकॉमच्या दप्तरात टिकले असते, तर समकालीनतेलाच प्रमाण मानणाऱ्या संशोधकाने त्या तारखेस जेकब्ज न्यूयॉर्कमध्ये होती, अथवा ती परतण्यास उत्सुक होती, असे निःशंकपणे नोंदविले असते. ती कोठे होती हे सांगते ती पंचवीस वर्षांनंतरची बखरच.

याचा अर्थ गुलामाच्या कथनास चिकित्सेतून सूट द्यावी, असा मुळीच नाही. सहानुभूती हे प्रमाण नव्हे. जेकब्जचे पुस्तक उत्तरेकडील स्वतंत्र स्त्रियांची मने जागी करण्याच्या हेतूने लिहिले गेले आणि हा हेतू तिने प्रस्तावनेत सांगितला आहे. चाइल्डबाईंनी मजकुराची काटछाट व मांडणी केली. शेवटी असलेले जॉन ब्राऊनवरील प्रकरण गाळण्याची आणि नॅट टर्नरच्या बंडानंतर कृष्णवर्णीयांवर झालेल्या अत्याचारांचा मजकूर घालण्याची सूचना त्यांचीच. तेव्हा पुस्तकाचा शेवट लेखिकेचा किती आणि संपादिकेचा किती, हा प्रश्न वर्गात विचारलाच पाहिजे. वाचकवर्गाच्या नीतिकल्पनांपुढे स्वतःची कहाणी मांडताना तिने कोठे आवाज खाली घेतला, हेही पाहिले पाहिजे. मालकाच्या कागदाला जे प्रश्न विचारावयाचे तेच येथेही विचारावे, एवढाच आग्रह आहे. आजवर ते प्रश्न एकाच पक्षाला विचारले गेले, हा खरा आक्षेप.

मौखिक साक्षीच्या बाबतीत हीच दक्षता अधिक लागते. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या लेखक-प्रकल्पाने पूर्वीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक हकिकती टिपून घेतल्या. बहुतेक मुलाखतकार गौरवर्णीय होते, स्थळ दक्षिणेतील होते आणि सांगणारी माणसे वृद्ध व निर्धन होती. चार्ल्स्टन येथील एका वृद्धेच्या दोन मुलाखती या संग्रहात आहेत. तिचे आडनावही एकीत हॅमलिन, तर दुसरीत हॅमिल्टन असे आले आहे. जेसी बटलर या गौरवर्णीय बाईला तिने मालकाच्या भलेपणाच्या गोष्टी सांगितल्या. ही बाई सरकारी मदत देणाऱ्या कचेरीतून आली आहे, असा तिचा समज झाला होता. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकाराला तिने फटक्यांच्या, ताटातुटीच्या आणि रात्री लग्न लागलेल्या जोडप्यातील वधू दुसऱ्या सकाळी विकली गेल्याच्या हकिकती सांगितल्या. यांपैकी एकच मुलाखत वर्गात वाटली तर विद्यार्थ्याच्या हाती अर्धी गोष्ट पडते, आणि ती अस्सल साधनाच्या शिक्क्यानिशी पडते, हे अधिक घातक. दोन्ही वाचल्या तर प्रश्नकर्ता हाही साधनाचा घटक असतो, हे तत्त्व त्याला स्वतःच गवसते.

या विवेचनावरून वर्गातील क्रम ठरविता येतो. प्रथम जाहिरात एकटीच द्यावी आणि तिचा कर्ता, वाचक व प्रयोजन लिहून घ्यावे. त्यानंतर मृत्युपत्राची पुरवणी द्यावी, म्हणजे कागदच कागदाचा साक्षीदार कसा होतो ते दिसेल. मग आत्मकथनातील पलायनाचे व पत्रांचे प्रकरण, पुढे दोन जाहिरातींची तुलना, आणि शेवटी एमी पोस्टला लिहिलेली पत्रे व संपादनाचा इतिहास. १८५० चा निनावी तक्ता या सर्वांच्या अखेरीस दाखवावा. प्रारंभी दाखविला तर तो केवळ आकड्यांचा कागद वाटतो. एका स्त्रीला तिच्या नावानिशी ओळखल्यावर विद्यार्थी त्याच तक्त्यातील वय आणि वर्ण यांच्या ओळी निराळ्या नजरेने वाचतो, आणि तेथे काय लिहिलेले नाही हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

मराठी विद्यापीठीय वर्गाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांची मुक्तता घडविणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. ती अर्पणपत्रिकाही एक अस्सल साधन आहे आणि तिलाही तेच प्रश्न लागू पडतात. अमेरिकेतील वार्ता पुण्यापर्यंत पोचली ती मुक्तता घडविणाऱ्यांच्या गौरवाच्या रूपाने. त्या कृतज्ञतेत गुलामांनी स्वतः दिलेल्या झुंजीला पृथक् स्थान मिळालेले नाही. ती अर्पणपत्रिका छापली गेली तेव्हा ईडनटनहून निसटलेली हॅरिएट जेकब्ज हयात होती आणि तिचे पुस्तक प्रसिद्ध होऊन बारा वर्षे झाली होती. अर्पणपत्रिका आणि ते आत्मकथन एकाच तासाला वाचावयास दिल्यास मराठी विद्यार्थ्याला आपल्या परिचयाच्या कागदापासून त्या अपरिचित इतिहासाकडे जाता येईल, आणि परतताना आपल्याकडील दप्तरांत कोणाची नावे आहेत व कोणाची केवळ गणती आहे, हे तो स्वतःहून पाहू लागेल.